अंगठा उमटत नाही

(वस्तीतल्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोललो तसंच बहुतेक ठेवलं आहे. पुन्हा पुन्हा आलेलं तेवढं काढलं.)



मला इथं कविता वाचायला बोलावतात. आज कविता नाही. आज मी लोखंड साफ कसं करतात ते सांगणार आहे. हसू नका. समोर बसलेल्यांतली सहा पोरं सोमवारपासून कास्टिंग यार्डात लागतायत. मुकादम त्यांना सांगणार, 'काय नाय रे, साचे पुसायचे. हलकं काम.' हलकं काम म्हणजे काय असतं ते त्या सहा जणांना आजच कळलं पाहिजे. बाकीच्यांनीही ऐकावं. तुम्ही ज्या पुलावरनं जाता, ज्या बोगद्यातनं जाता, तो अशाच साच्यातनं निघालाय.

मी आता गोदीत आहे, टोळीत. त्याआधी एकोणीस महिने यार्डात साचे साफ केले. मॅट्रिकचं सर्टिफिकेट प्लास्टिकच्या पिशवीत घालून गेलो होतो. ते कुणी उघडूनसुद्धा बघितलं नाही. आडनाव विचारलं, गाव विचारलं, आणि हातात पट्टी नि तारेचा ब्रश दिला.

साचा म्हटला की आपले कवी ताबडतोब जातीच्या साच्यावर येतात. मीपण लिहिलंय तसलं. आज मी त्या साच्याबद्दल बोलत नाही. मी बोलतोय तो साचा लोखंडाचा आहे, जाड पत्र्याचा, बोल्टांनी आवळलेला, दुपारी हात ठेवला तर फोड येईल इतका तापणारा.

मरीन ड्राइव्हला कठड्यापलीकडं चार पायांचे सिमेंटचे दगड तुम्ही सगळ्यांनी बघितलेत. पोरंपोरी त्यांवर बसतात. त्याला टेट्रापॉड म्हणतात. हा आकार १९५० साली फ्रान्समध्ये ग्रनोबलच्या एका प्रयोगशाळेत निघाला. मोरोक्कोत कासाब्लांकाला समुद्राकाठी वीजकेंद्र होतं, तिथल्या लाटा आवरायला तो आधी वापरला. चार पाय एकमेकांत अडकतात. लाट फटींतनं आत शिरते आणि तिचा जोर तिथंच मोडतो. सुटा टेट्रापॉड मोठी लाट लोळवू शकते. पायात पाय अडकवलेले हजार टेट्रापॉड लोळत नाहीत. हे आपल्याला दुसऱ्या कुणी शिकवायची गरज नाही.

हा दगड खाणीत मिळत नाही. तो ओततात. साच्यात काँक्रीट भरायचं, यार्डात त्याला नुसता 'माल' म्हणतात. व्हायब्रेटर मारायचा. माल घट्ट झाला की बोल्ट सोडायचे, साचा खोलायचा, क्रेननं दगड उचलून रांगेत ठेवायचा. पुन्हा साचा बांधायचा, पुन्हा माल. लोखंडाचा साचा असा शेकडो वेळा वापरतात. आणि दर दोन वेळांच्या मधे एक माणूस येतो आणि साचा साफ करतो. तो माणूस मी होतो.

टेट्रापॉड हे त्यातलं सगळ्यात ढोबळ काम. बांद्रा-वरळी सागरी सेतू ३० जून २००९ ला उघडला. त्याच्या रस्त्याचे तुकडे किनाऱ्यावर ओतले आणि मग समुद्रात नेऊन चढवले. शिवडी-न्हावाशेवा अटल सेतू १२ जानेवारी २०२४ ला उघडला. लांबी २१.८ किलोमीटर. काही गाळे पोलादाचे सोडले तर त्याचा रस्तासुद्धा यार्डात ओतलेल्या तुकड्यांचा आहे. कफ परेडपासून आरेपर्यंतची मेट्रो जमिनीखालनं जाते. तिच्या बोगद्याला आतनं काँक्रीटच्या कड्या बसवल्यात. ती एकेक कडीही तुकड्यातुकड्यांची. उद्घाटनाच्या दगडावर मंत्र्यांची नावं असतात, असू द्या. मी एवढंच म्हणतो, जितके तुकडे तितक्या वेळा कुणीतरी साचा साफ केलाय. एकदाही चुकवून चालत नाही.

का चालत नाही, ते आता सांगतो. सहा जणांनी नीट ऐका.

पहिली गोष्ट, वेळ. साचा खोलला की लगेच हात घालायचा. लोक म्हणतात सिमेंट वाळलं. सिमेंट वाळत नाही. पाण्याशी त्याची प्रक्रिया होते आणि ते दगड होत जातं. इंजिनियर लोक त्याची ताकद अठ्ठाविसाव्या दिवसाची धरतात. म्हणजे साच्याला चिकटून राहिलेली पापडीपण रोज घट्ट होत जाते. आज जी पट्टीनं सुटते तिला आठ दिवसांनी छिन्नी लागते. आणि साच्याला छिन्नी लागली की साच्याचं मरण सुरू झालं. घाव बसला तिथं खड्डा पडतो. पुढच्या मालाचं सिमेंट त्या खड्ड्यात शिरतं आणि दात रोवून बसतं. ते काढायला पुन्हा घाव. आमच्या यार्डात काही साचे देवी आल्यासारखे झाले होते. त्यातनं निघणारा दगडही तसाच निघायचा. साच्यात जे असतं ते दगडावर उलटं उमटतं. खड्डा असेल तर टेंगूळ, पापडी असेल तर खड्डा. काँक्रीट काही लपवत नाही.

दुसरी गोष्ट, क्रम. मधला सपाट भाग कुणीही पुसतो. तो चकाकतो, फोरमनला लांबून दिसतो. घाण बसते ती सांध्यात, कोपऱ्यात, बोल्टच्या भोकात, रबरी पट्टीच्या खाली. सुरुवात तिथनं करायची. सांध्यावर एक मिलिमीटरची पापडी राहिली तर साच्याच्या दोन बाजू पुऱ्या मिटत नाहीत. व्हायब्रेटर चालू झाला की फटीतनं सिमेंटचं पाणी गळतं आणि मागं नुसती खडी-वाळू उरते. खोलल्यावर तिथं पोळ्यासारखी भोकं दिसतात. पुलाच्या तुकड्यात आत सळ्या असतात. समुद्राची खारी हवा, खारं पाणी त्या भोकांतनं सळीपर्यंत पोचलं की सळी गंजते. गंजलेली सळी फुगते. फुगली की काँक्रीट आतनं फोडते. हे लगेच दिसत नाही. वर्षं जातात. तोवर फोरमन दुसऱ्या साइटवर, ठेकेदार दुसऱ्या टेंडरवर. आणि बोगद्याच्या तुकड्यात तर हिशेब मिलिमीटरच्याही आत. कडीतला एक तुकडा वाकडा निघाला की शेजारचा नीट बसत नाही, मधलं रबर दबत नाही, पाणी झिरपतं.

तिसरी गोष्ट, हत्यार. पातळ सरळ पट्टी, धार नसलेली. तारेचा ब्रश. कोपऱ्यासाठी अरुंद पट्टी. शेवटी हवेचा पाइप आणि कोरडं वेस्ट. ग्राइंडरला वाटीचा ब्रश लावून मारतात, पण तो सगळ्यात शेवटी, हट्टी डागापुरता. हातोडा नाही. ॲसिड तर नाहीच. आमच्याकडं ॲसिडचे कॅन यायचे, फरशी साफ करतात तसले. पापडीवर ओतलं की ती फसफसते, सुटते, आणि वर येणारी वाफ घशात बसते. पण ॲसिड पापडी खाऊन थांबत नाही, ते लोखंडपण खातं. चार दिवसांत तिथं गंज धरतो. गंजाच्या खरबरीत पाठीवर सिमेंट आणखी घट्ट बसतं. ॲसिड मारणारा आपलंच उद्याचं काम वाढवून ठेवतो. हे मला कुणी सांगितलं नाही. मी ते कपडे जाळून शिकलो.

चौथी गोष्ट, तेल. साफ साच्याला तेलाचा हात द्यावा लागतो, नाहीतर माल सुटत नाही. तेल कमी पडलं तर दगडाची साल निघते. जास्त झालं तर ते तळाला साचतं, दगडाला डाग पडतात, वरचा थर भुसभुशीत राहतो. तेल लावून मग कोरड्या फडक्यानं पुसून घ्यायचं. बोट फिरवलं तर बोट ओलसर झालं पाहिजे, थेंब लोंबता कामा नये. साच्यासाठी वेगळं तेल मिळतं. त्यातलं आम्ल सिमेंटातल्या चुन्याशी मिळून साबणाचा एक पातळ पापुद्रा तयार करतं आणि त्या साबणावरनं दगड अलगद सुटतो. युरोपात काही ठिकाणी त्यासाठी झाडाच्या बियांचं तेल वापरतात. आमच्या यार्डात गॅरेजमधनं आणलेलं जळकं ऑइल यायचं, त्यात डिझेल. दगडाला सुटायला साबण लागतो, हे शास्त्र आहे. आमच्या नळावर हात धुवायला साबण नव्हता.

आता मला सांगा, यातलं हलकं काय आहे?

फिटर साचा बांधतो, त्याला फिटरची हजेरी. क्रेनवाल्याला क्रेनवाल्याची. व्हायब्रेटर मारणाऱ्याला माझ्यापेक्षा जास्त. आणि आम्ही? मस्टरवर आमच्या नावापुढं शब्द होता, 'सफाई'. बस. त्या एका शब्दानं हजेरी ठरत होती. तेच काम, तोच साचा, तीच मिलिमीटर. पण नाव सफाई ठेवलं की भाव झाडूचा लागतो. मी एकदा फोरमनला म्हटलं, साहेब, हे फिटिंगच्या आधीचं काम आहे, यात डोकं लागतं. तो वाईट माणूस नव्हता. चहा द्यायचा. तो हसून म्हणाला, 'अरे, तुम्हा लोकांना सफाईचं जमतं.' तुम्हा लोकांना. त्यानं माझी जात विचारली नव्हती. त्याला विचारायची गरजच नव्हती. आमच्या टोळीत नऊ जण होतो. तिघं मराठवाड्यातले, दोघं विदर्भातले, चार बिहार-झारखंडकडचे. भाषा तीन. पण रात्री जेवताना घरची गोष्ट निघाली की कळायचं, गावाच्या कोणत्या टोकाला कुणाचं घर आहे ते. नऊच्या नऊ घरं एकाच टोकाची.

जात ही कामाची नुसती वाटणी नाही, काम करणाऱ्यांचीच वाटणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच मांडलं. ते मी पुस्तकात वाचलं होतं तेव्हा मान डोलावली होती. यार्डात ते मला मस्टरच्या रकान्यात दिसलं.

आता शरीराचं. हे घाबरवायला सांगत नाही. कुणाला काय होतं आणि का, हे कळलं तर मागता येतं.

ओलं सिमेंट चुन्यासारखं जहाल असतं. ते कातडी जाळतं, पण लगेच दुखत नाही. गुडघ्याला, बुटाच्या आत लागून राहतं, आपण काम करत राहतो, आणि संध्याकाळी बूट काढला की कातडी सालपटासारखी निघते. म्हणून दुखायची वाट बघायची नाही. लागलं की भरपूर पाण्यानं धुवायचं. सिमेंटात क्रोमियमपण असतं. त्यानं काहींना असली खाज धरते की पुढं आयुष्यभर सिमेंटला हात लावता येत नाही. युरोपात २००५ पासून नियम आहे, ते क्रोमियम दहा लाखांत दोन भागांपेक्षा जास्त असलेलं सिमेंट हाताच्या कामाला विकायचं नाही. लोहाचं सल्फेट मिसळलं की ते क्रोमियम निकामी होतं. म्हणजे उपाय जगाला माहीत आहे. आमच्या हाताला माहीत नाही.

मग धूळ. सुकलेली पापडी ग्राइंडरनं उडवली की पांढरा ढग उठतो. त्यात वाळूची बारीक भुकटी असते, सिलिका. जी डोळ्याला दिसते ती नाकात अडते. जी दिसत नाही ती फुप्फुसात जाते आणि तिथंच राहते. त्यानं सिलिकोसिस होतो. त्याला औषध नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं ही धूळ १९९७ साली कॅन्सर करणाऱ्या पहिल्या यादीत घातली. सिलिकोसिस १९४८ च्या फॅक्टरी कायद्याच्या रोगांच्या यादीत होता. २०२० च्या नव्या संहितेच्या यादीतही आहे. यादीत आहे, पण डॉक्टरनं छातीचा फोटो काढून वर कळवलं तर ना. आमच्या इथले डॉक्टर खोकल्याचं औषध देतात नि विडी सोड म्हणतात. म्हणून कोरडी पापडी उडवायची नाही. आधी पाणी मारून भिजवायची, पट्टीनं ओढायची. ग्राइंडर लागलाच तर पाणी सुकल्यावर, धूळ ओढणारा पाइप लावून, आणि तोंडाला खरा मास्क. खिशातला रुमाल हा मास्क नाही.

जळक्या ऑइलचं तेच. ते रोज कातडीवर राहिलं तर कातडीचा कॅन्सर होऊ शकतो. तेल लागलेलं फडकं खिशात ठेवायचं नाही. सगळे ठेवतात. मी ठेवायचो.

आता माझी गोष्ट. ज्यासाठी मी आज कविता आणली नाही.

यार्डाच्या गेटवर अंगठ्याचं मशीन बसवलं. तोवर मुकादमाची वही होती. त्या वहीत चोरी व्हायची, म्हणून मशीन आलं तेव्हा आम्हाला आनंद झाला. मशीन कुणाचा काका नाही, असं आम्ही म्हणालो. पहिल्या आठवड्यात सगळं ठीक. मग एके सकाळी मी अंगठा लावला, मशीननं लाल दिवा दाखवला. पुसून लावला, लाल. दुसरा अंगठा, लाल. मागं रांग. सिक्युरिटीवाला म्हणाला, 'चल जा अंदर, बाद में देखेंगे.' मी आत गेलो, दिवसभर राबलो. दुसऱ्या दिवशी तेच. कधी घ्यायचं, कधी नाही घ्यायचं.

पगाराच्या दिवशी कळलं, माझे अकरा खाडे. अकरा दिवस मी नव्हतोच म्हणे. मी ठेकेदाराच्या माणसासमोर हात पसरले. पट्टी धरून, ब्रश धरून, सिमेंट आणि तेल लागून लागून माझ्या बोटांवरच्या रेषा घासून गेल्या होत्या. अंगठा गुळगुळीत, साफ केलेल्या साच्यासारखा. तो म्हणाला, 'कंप्यूटर में नहीं है तो मैं क्या करूँ?' मला काही सुचलं नाही. गेलो परत साच्याकडं.

त्या महिन्यात रेशनच्या दुकानातपण तेच झालं. तिथंही मशीन. आई पुढं झाली आणि तिचा अंगठा लागला म्हणून धान्य मिळालं. घरी येताना ती म्हणाली, 'तुझ्या आजाचा अंगठा सावकाराच्या कागदावर उमटायचा तेव्हा जमीन गेली. तुझा उमटत नाही म्हणून पगार जातोय. आपला अंगठा कधी कामाचा होणार रे?' माझी आई शाळेत गेलेली नाही.

त्या रात्री कविता लिहायला बसलो. पेन धरवत नव्हतं. बोटांच्या पेरांना चिरा होत्या. वही बंद केली आणि शेजारच्या खोलीत गेलो. तिथं आमच्या टोळीतले दोघं राहायचे. एकाचे सात खाडे, एकाचे चौदा. सकाळी बाकीच्यांना विचारलं. नऊपैकी सहा जणांचे खाडे लागले होते. फिटरचा एकही नाही, क्रेनवाल्याचा एकही नाही. मशीन कुणाचा काका नाही म्हणालो होतो ना? मशीनला ज्याचा हात शाबूत आहे तोच माणूस दिसत होता.

आम्ही अर्ज लिहिला. मीच लिहिला, डाव्या हातानं धरून धरून. मागणी साधी. ज्यांचा अंगठा लागत नाही त्यांच्यासाठी सहीचं मस्टर ठेवा, खाडे दुरुस्त करा, रबरी हातमोजे द्या, नळावर साबण ठेवा. अर्ज घेतला नाही. म्हणाले, 'सफाईवाल्यांसाठी वेगळी सिस्टीम होत नसते.'

मग आम्ही एक पाळी साचे साफ केले नाहीत. घोषणा नाही, झेंडा नाही. नऊ जण गेटच्या आत, सावलीला बसलो. फोरमन म्हणाला, बसा, एक दिवस साफ केलं नाही तर काय आभाळ कोसळतंय? त्यानं दोन हेल्पर लावले, वरवर फडकं मारलं, तेल फासलं, रात्री माल भरला.

दुसऱ्या दिवशी साचे उघडेनात. सांध्यातली पापडी काढली नव्हती, तिच्यावर नवा माल बसला होता. पहारी घातल्या, घण घातले. क्रेननं ओढलं तेव्हा एका दगडाचा पाय निखळून साच्यातच राहिला. दुसऱ्याची साल निघाली. तिसऱ्याला सांध्यावर वीतभर पोळं. मोठा इंजिनियर आला. तो पहिल्यांदाच आमच्यासमोर उभा राहिला. त्यानं साच्याच्या सांध्यावरनं नख फिरवलं आणि विचारलं, 'हे रोज कोण साफ करतं?' नऊ जण उठून उभे राहिलो.

पुढचं खोटं सांगणार नाही. आम्ही जिंकलो असं म्हणून टाळ्या घेणार नाही. सहीचं मस्टर आलं. हातमोजे आले, पहिल्या महिन्याला. साबण आला. जुने खाडे दुरुस्त झाले नाहीत. माझे अकरा दिवस आजही त्या यार्डाकडं आहेत. तिसऱ्या आठवड्यात दोघांना काम संपलं म्हणून काढलं. ते दोघं अर्जावर माझ्याखाली सही करणारे होते. मी चार महिन्यांनी गोदीत आलो. ते दोघं गावाला गेले. त्यांचा हिशेब माझ्या डोक्यावर आहे, म्हणून मी आज उभा आहे.

गोदीत आलो तेव्हा म्हाताऱ्या कामगारांकडनं एक गोष्ट ऐकली. त्यांच्या बापाच्या काळी गोदीच्या गेटवर रोज सकाळी जनावराच्या बाजारासारखी माणसं निवडायचे. ज्याला मुकादमानं बोट दाखवलं तो आत. कामगार लढले, संघटना झाल्या, १९४८ साली गोदी कामगारांच्या नेमणुकीचा कायदा झाला. नोंदणी आली, पाळीपाळीनं काम आलं, काम नसलं तरी काही पैसे आले. आज त्याच गोदीत मी पुन्हा कंत्राटावर आहे, तो भाग वेगळा. पण एकदा झालं होतं. नाक्यावरचा सुटा माणूस नोंदीवर येऊ शकतो, हे या शहरानं बघितलंय. बांधकाम मजुरांचाही १९९६ साली कायदा झाला, बांधकामाच्या खर्चावर उपकर बसला, मजुरांच्या नोंदणीचं मंडळ आलं. २०२० साली संसदेनं तो कायदा नव्या संहितांत मिसळून टाकला. कायद्याचं नाव बदलो. नोंद नसलेला माणूस कोणत्याच कायद्याला दिसत नाही, आणि आमच्या नऊ जणांत एकाचीही नोंद नव्हती. फॉर्मला नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागायचा. तो द्यायचा ठेकेदारानं. ज्या ठेकेदाराला माझे अकरा दिवस दिसले नाहीत, तो नव्वदचा दाखला देणार?

म्हणून सोमवारी जाणाऱ्यांनो, हे लिहून घ्या.

रोज किती वाजता आत गेलो, कोणता साचा साफ केला, किती वाजता बाहेर आलो, हे स्वतःच्या वहीत लिहा. साच्यावर नंबर असतो, तो लिहा. लिहिता येत नसेल त्याचं शेजारच्यानं लिहायचं. त्यासाठीच आपण शिकलोय. मशीननं लाल दाखवलं तर त्याच मिनिटाला फोटो काढा, दिवस-वेळ सकट. आत जायच्या आधी.

पहिल्या दिवशी हातमोजे मागा. दुसऱ्या दिवशी मागितले तर म्हणतात काल कसं केलंस. मोजा फाटला की नवा मागा. फाटक्या मोज्यात सिमेंट साठतं, ते बिनमोज्याहून वाईट.

हातोडा दिला तर पट्टी मागा. का मागताय ते सांगा. खड्डा पडलेला साचा ठेकेदाराला महाग पडतो, ही भाषा त्याला कळते.

वर क्रेनला लटकलेला साचा असेल तर त्याच्याखाली जाऊन साफ करू नका. तो खाली टेकवा, ओंडका द्या, मग हात घाला. माल कालवणाऱ्या मिक्सरच्या आत शिरून साफ करायला सांगतील. स्विचला कुलूप लावून चावी आपल्या खिशात असेल तरच शिरायचं. बाहेरचा माणूस 'मी बघतो' म्हणाला तर त्याच्या शब्दावर आत जाऊ नका. त्यालाही कुणीतरी हाक मारतं.

आणि मस्टरवर सफाई लिहिलं तर विचारा. लिहा म्हणावं, साचा तयार करणारा. भांडण होईल, हसतील. तरी विचारा. सहा जण आहात. एकेकटे विचारू नका.

माझ्या अंगठ्यावरच्या रेषा आता परत येतायत. गोदीत पोती-दोर आहेत, सिमेंट कमी. परवा रेशनवर दोन वेळा लाल आला, तिसऱ्यांदा हिरवा. आई बाजूला उभी होती, काही बोलली नाही. धान्याची पिशवी माझ्या हातात दिली.

सोमवारी संध्याकाळी मी पाळी सुटल्यावर इथंच येतो. तुम्ही सहाही जण या. वही आणा आणि हात दाखवा.

जयभीम.